पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवले, तरी गाडी अडते

जुन्या बुलेट, येझदी, राजदूतचे पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) आणि कंडेन्सर काढून त्या जागी तेच काम करणारे सेन्सर अन् इलेक्ट्रॉनिक डबी बसवलेल्यांची पत्रे यंदाच्या उन्हाळ्यात बरीच आली. बहुतेकांचा संशय डबीवर आहे. माझा अनुभव असा की दोष आधी तारांत, अर्थिंगमध्ये आणि बॅटरीत शोधावा. डबी शेवटी.

भाऊ, माझी बुलेट ३५० आहे, १२ व्होल्टची. आर्वीहून वर्ध्याला जाताना भर दुपारी अर्ध्या वाटेत मिस मारते अन् बंद पडते. झाडाखाली थोडा वेळ उभी केली की एका किकमध्ये सुरू. सकाळी काहीच त्रास नाही.

गाडी बंद पडताच, थंड व्हायच्या आत, टाकीचे झाकण उघडून पाहा. झाकणातले हवेचे छिद्र धुळीने बुजले असेल तर पेट्रोल उतरत नाही. उभी ठेवली की हळूहळू हवा शिरते अन् गाडी पुन्हा चालते. लक्षण हुबेहूब तुमचेच. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर इग्निशनला हात लावू नका, छिद्र साफ करा.

तसे नसेल तर झाकण घट्ट लावा आणि मगच ठिणगी तपासा. जवळचा जास्तीचा प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवा, किक मारा. ठिणगी नसेल तर चावी चालू ठेवून कॉइलच्या (बॅटरीचे व्होल्ट वाढवून प्लगला देणाऱ्या भागाच्या) प्लस टोकावर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १२.५ आणि कॉइलवर १० असतील, तर मधले व्होल्ट चावीच्या स्विचमध्ये किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्ये हरवत आहेत. पुरे व्होल्ट मिळत असतील तर आधी डबीवर ओले फडके ठेवा, पुन्हा ठिणगी पाहा, मग कॉइलवर. ज्याला गारवा मिळताच ठिणगी परतते, तो भाग तापून दगा देतो. दोन्हींनी फरक पडला नाही तर सेन्सर.

डबी कुठे बसवली आहे, हेही कळवायला हवे होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यात ती सिलिंडरजवळ किंवा टूलबॉक्समध्ये चिंध्यांत कोंबलेली असेल, तर टिकणार कशी? वारा लागेल अशा जागी, पत्र्याला नीट टेकवून स्क्रूने कसा.

बुलेटचाच प्रश्न. पूर्वी अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा पाहून किक मारायचो. आता काटा हलतच नाही आणि किक उलटी येते. पाय सुजला. (मोर्शी)

पाय बरा होईपर्यंत किक मारू नका, ही विनंती.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो, म्हणून काटा मायनसकडे झुकायचा, आणि पॉइंट उघडले की मध्यावर यायचा. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक डब्या इंजिन थांबले की कॉइलचा करंट तोडतात. त्यामुळे काटा स्थिर राहणे हा बिघाड नव्हे. आता पायानेच अंदाज घ्यायचा: किक घट्ट लागेपर्यंत दाबा, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून किंचित पुढे न्या, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या, आणि मग पूर्ण ताकदीने मारा.

उलटी किक मात्र टायमिंगची. ठिणगी फार लवकर पडते आहे. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणे म्हणजे अ‍ॅडव्हान्स. काही किट (डबी-सेन्सरचे संच) जुनी अ‍ॅडव्हान्सची वजने तशीच वापरतात. काही स्वतःच अ‍ॅडव्हान्स देतात, आणि त्यांत ही वजने बांधून टाकावी लागतात. ती मोकळी राहिली तर अ‍ॅडव्हान्स दुहेरी होतो. किटचा कागद मिस्त्रीला दाखवा. वजने वापरायचीच असतील तर त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या किंवा अडकलेल्या नाहीत ना, ते पाहा.

६ व्होल्टची येझदी १२ वर केली, इलेक्ट्रॉनिक लावले. कॉइलला हात लावता येत नाही, दोन डब्या जळाल्या.

कॉइल जुनीच आहे ना? ६ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रोध साधारण दीड ओहम असतो. तिला १२ व्होल्ट दिले की ४ ऐवजी ८ अ‍ॅम्पिअर वाहतात आणि उष्णता चौपट होते. १२ व्होल्टची, किटने सांगितलेल्या ओहमची कॉइल घ्या.

कॅरिअरला वेल्डिंग करून आणले आणि ठिणगी गेली.

वेल्डिंगचा करंट फ्रेममधून डबीत गेला असावा. आधी बॅटरीची दोन्ही टोके आणि डबीचा कनेक्टर काढायलाच हवा होता. तरीही नवी डबी लगेच घेऊ नका. प्रथम फ्यूज पाहा. मग मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून चावी चालू करा आणि किक मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंग खराब आहे. नट सोडून, रंग खरवडून पुन्हा कसा. एवढे करूनही ठिणगी नसेल तर डबी बदला. गाडी सुरू झाल्यावर रेस देऊन बॅटरीवर व्होल्ट मोजा. ते १५ च्या वर गेले तर रेग्युलेटरही (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेला आहे. तो बदलेपर्यंत गाडी चालवू नका, नवी डबीही जळेल.