नातू गणपती होऊन लढतो, आजोबा चिडतात

"मॅडम, हा देवांना मारामारी करायला लावतो. याच्या मनात श्रद्धा उरलीच नाही का?" गिरगावातल्या एका आईचा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा चौदा वर्षांचा, खेळ 'स्माइट': जगभरच्या पुराणांतला एकेक देव निवडायचा आणि पाच विरुद्ध पाच लढायचं. त्यात काली, राम आणि गणेशही आहेत. आजोबा मागे येऊन उभे राहिले तेव्हा नेमका गणेश कोसळला. त्यांनी राउटरची पिन उपटली, नातवाने टेबलावर हात आपटला.

अशा तक्रारीत आधी खेळ बघावा लागतो. 'काय खेळतोस ते सांग' म्हटलं की 'काही नाही, टाइमपास' एवढंच हाती लागतं. 'खेळून दाखव' म्हटलं की मुलं खुलतात. अट एवढीच की अख्खी मॅच मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही.

गणेश का निवडला, ते यातूनच कळलं. हे पात्र 'गार्डियन' आहे, सोबत्यांवरचे घाव अंगावर घेणारं. ते ध्यानाला बसून ओंकार म्हणतं तेव्हा समोरच्या शत्रूंना तेवढ्यापुरत्या आपल्या शक्ती वापरता येत नाहीत. "विघ्नहर्ता आहे, मग सपोर्टच करणार ना!" मुलगा म्हणाला. भाद्रपदात हाच रात्री जागून मंडळाच्या मखराला कागदी फुलं लावतो. अश्रद्धेचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

अडचण पडद्याच्या कोपऱ्यात होती, चॅटमध्ये. डाव हातचा जायला लागला तसे अनोळखी खेळाडू धर्मावरून शिव्या लिहू लागले, आणि यानेही समोरच्याचा धर्म मनानेच ठरवून तशाच परत केल्या. घरच्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

त्याच्याशी बोलताना उदाहरण मुद्दाम दुसऱ्या धर्माचं घेतलं. 2021 मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी: व्हॅनगार्ड' या दुसऱ्या खेळात कुराणाची पानं जमिनीवर विखुरलेली दिसली, मुस्लीम खेळाडूंनी हरकत घेतल्यावर कंपनीने माफी मागून ती काढली. त्यांना राग का आला असेल? "पायाखाली आली ना." मग आजोबांना का आला? "पण इथे कुणी पायाखाली घेत नाही!" असा वाद घालू द्यावा, तो विचार करतोय हे त्यातूनच दिसतं. आजोबांचंही काही जगावेगळं नाही. 'स्माइट'मधल्याच कालीच्या चित्रणावर 2012 मध्ये अमेरिकेतल्या हिंदूंनी हरकत घेतली होती.

वयाचं रेटिंग जरूर पाहा. अमेरिकेच्या ईएसआरबी पद्धतीत 'टी' म्हणजे तेरा वर्षांपुढे, 'एम' म्हणजे सतरापुढे. युरोपच्या पेगीत थेट 12, 16, 18 असे आकडे असतात. हिंसा, शिवीगाळ, लैंगिकता, जुगार याचा अंदाज त्यातून येतो. देवाचं रूप तुमच्या घरात कुणाला खटकेल का, ते मात्र घरातच ठरवावं लागतं. ऑनलाइन अनोळखी माणसं काय बोलतील, याचीही हमी रेटिंग देत नाही.

हात आपटण्याला आई 'व्यसन' म्हणत होती. मला ते पटलं नाही. मॅच अर्धा तास, कधी त्याहून जास्त चालते; मधेच सोडली तर चार सोबती अडकतात, शिवाय शिक्षा म्हणून काही वेळ नवी मॅच मिळत नाही. 'आत्ताच्या आत्ता ऊठ' म्हटलं की भडका ठरलेला. जेवण नऊला असेल तर सव्वाआठनंतर नवी मॅच नाही, हा नियम घड्याळ लावून उठवण्यापेक्षा कितीतरी जास्त पाळला जातो.

चॅट सेटिंगमधून बंद केलं. सोबत्यांना सूचना द्यायला खेळातल्या तयार आज्ञा पुरतात. कुणी घाण लिहिलंच तर उत्तर द्यायचं नाही: स्क्रीनशॉट, म्यूट, रिपोर्ट, याच क्रमाने.

आजोबांना हे चित्रण अजूनही पटलेलं नाही, आणि पटवायचा आटापिटाही कुणी करू नये. ते खोलीत असतील तेव्हा नातू दुसरं पात्र घेतो, इतकंच ठरलं.

चॅट बंद करूनही तीच भाषा शाळेत, घरात येत राहिली, झोप तुटली, मित्र सुटले, तर मात्र थांबू नका. समुपदेशकाला गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं.