आईचं ग्रीन कार्ड आणि नोव्हेंबरातलं लग्न

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न: आई जूनमध्ये ताईकडे न्यू जर्सीला गेली. ताई अमेरिकेची नागरिक आहे. ती म्हणते, इथूनच ग्रीन कार्डचा अर्ज भरू. माझं लग्न नोव्हेंबरअखेर आहे. आईला येता येईल का? निफाडची द्राक्षबाग तिच्या नावावर आहे, तिचं काय?

ताईंचं म्हणणं कायद्याला धरून आहे. नागरिक मुलगी २१ वर्षांची झाली की तिच्या आईला वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही. रीतसर व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या आईसाठी आय-१३० (आईशी नातं दाखवणारा ताईंचा अर्ज) आणि आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागणारा आईंचा अर्ज) हे अर्ज तिथूनच एकत्र भरता येतात. पण अडतंय ते लग्नापाशी. आय-४८५ भरल्यावर अ‍ॅडव्हान्स पॅरोल (अर्ज चालू असताना देशाबाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) मंजूर व्हायच्या आत आई विमानात बसल्या, तर तो अर्ज त्यांनी सोडून दिला असं धरतात. आणि हा पॅरोल मिळायला महिने जातात.

म्हणून सांगतो, आईंना परत येऊ द्या. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्कामाची मुदत आय-९४ (अमेरिकेत शिरताना होणारी नोंद) वरच्या तारखेने ठरते, बहुधा सहा महिने. ती उलटू देऊ नका. ताईंना आय-१३० आजही भरता येईल, त्यासाठी आई तिथे असायची गरज नाही. पुढची मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होईल. मधल्या काळात व्हिजिटर म्हणून पुन्हा जायची वेळ आली, तर अर्जाबद्दल विचारतील. खरं तेच सांगायचं. खोटं बोलल्यास कायमची बंदी येऊ शकते. अर्ज मात्र तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडूनच भरून घ्या.

खरी मेहनत तुम्हाला इथे आहे. आय-१३० सोबत ताईंचा जन्मदाखला लागतो, त्यावर आईचं नाव हवं. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या दाखल्यांवर आईचं नाव नुसतं 'शोभाबाई' असतं, पुढे काहीच नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा आणि तफावत आत्ताच दुरुस्त करून घ्या. आईंच्या जन्माची नोंदच नसेल तर जन्मगावच्या निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या.

बागेची काळजी नको. ग्रीन कार्ड मिळालं तरी आई भारतीय नागरिकच राहतात, आणि इथे राहत असताना घेतलेली जमीन फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) कलम ६(५) प्रमाणे त्यांच्याकडे राहते. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. शेजारचा गट घ्यायचं मनात असेल, तर तो तुमच्या नावावर घ्या.