विंडोज काढून उबुंटू (लिनक्स) टाकल्यावर लॅपटॉपची स्क्रीन १०२४ × ७६८ वरच अडकली आहे. दुकानदार पॅनेल (स्क्रीनचा काचेचा भाग) बदला म्हणतो. बदलावं लागेल का?

पॅनेलला हात लावू देऊ नका. विंडोजवर हीच स्क्रीन १३६६ × ७६८ दाखवत होती, असं तुम्हीच लिहिलंय. पॅनेल बिघडलं की रेषा येतात, डाग पडतात, अर्धी स्क्रीन काळी होते. सेटिंग्जमधली रिझोल्यूशनची यादी त्याने आखडत नाही. दुकानदाराला हे माहीत असायला हवं.

तुम्ही दिलेल्या एररमध्येच निदान आहे: ‘फेल्ड टू गेट साइझ ऑफ गॅमा फॉर आउटपुट डिफॉल्ट’. शेवटचा शब्द बघा. इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) नीट चढला असता तर तिथे एलव्हीडीएस-१ किंवा ईडीपी-१ असं लॅपटॉपच्या स्क्रीनच्या जोडणीचं नाव आलं असतं. ‘डिफॉल्ट’ म्हणजे ड्रायव्हर चढलेलाच नाही. सुरू होताना फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेल्या प्रोग्रामने) जो मोड, म्हणजे स्क्रीनचं माप, लावून दिला, त्यावरच गाडी चाललीये. पॅनेल आपलं मूळ माप सांगायला तयार असतं, पण ते विचारणारंच कोणी नाही. ब्राइटनेसची बटणं चालत नसतील आणि साधा व्हिडिओ लावला तरी पंखा घोंघावत असेल, तर शंकाच नको: चित्र काढायचं कामही प्रोसेसरच ओढतोय.

आणि अशा मशीनवर ‘सीव्हीटी चालवा, न्यूमोड घाला, अ‍ॅडमोड करा’ (म्हणजे कमांड देऊन स्क्रीनचं माप हाताने भरा) हा सल्ला देणाऱ्यांनी आता तरी थांबावं. ड्रायव्हरच नसताना नवा मोड लावणार कोण? शिवाय सीव्हीटीला १३६६ दिलं तरी ते १३६८ काढून देतं, कारण ते रुंदी आठच्या पटीत बसवतं आणि १३६६ ला आठने भाग जात नाही. ड्रायव्हर चढला की पॅनेलचं माप आपोआप मिळतं, हाताने काही भरावं लागत नाही.

आता दोषी शोधा. टर्मिनलमध्ये ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ चालवा. ओळीत ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्स ड्रायव्हरला मोड लावू न देणारा पर्याय) दिसलं की सापडला. इन्स्टॉल करताना ‘सेफ ग्राफिक्स’ निवडलं असेल, तर हा शब्द तिथून येतो आणि पुष्कळदा इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही राहून जातो.

फाइल बदलण्याआधी एकदा तात्पुरतं करून पाहा. सुरू होताना ग्रबचा, म्हणजे उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा (जुन्या बायोस फर्मवेअरवर शिफ्ट दाबून धरा, नव्या यूईएफआयवर एस्केप), ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून फक्त ‘नोमोडसेट’ खोडा आणि एफ१० दाबा. स्क्रीन काळी पडली तरी घाबरू नका. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. चित्र पूर्ण आलं, तर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलमध्ये ज्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ असतं तिथून तोच शब्द काढा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा, रीस्टार्ट करा. हे शेवटचं अपडेट-ग्रब विसरलं की ‘फाइल बदलली तरी काही होत नाही’ म्हणून लोक पुन्हा दुकानात जातात.

‘नोमोडसेट’ नसेलच, तर ‘एलएसपीसीआय -के’ चालवून व्हीजीए कंट्रोलरखाली (म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या नोंदीखाली) ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ शोधा. इंटेलच्या अशा जुन्या मशीनवर तिथे ‘आय९१५’ (इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव) असायला हवं.

सोबत एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर क्रम उलटा: आधी नोमोडसेट ठेवूनच एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका, मग तो शब्द काढा. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्या. तो पडदा टाळला तर ड्रायव्हर टाकलेला असूनही चढत नाही.

परत विंडोजवर गेलात आणि हेच झालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसतंय का पाहा. दिसलं तर लॅपटॉपचा मॉडेल नंबर घालून कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या.