लाइव्ह डेटाबेसला हात लावायची भीती

"मॅडम, लाइव्ह डेटाबेसवर साधी क्वेरी चालवायची म्हटली तरी मी एंटरवर बोट ठेवून बसून राहते. बाकीच्यांना काहीच वाटत नाही. मी या कामाच्या लायकीची नाही का?"

आयटीतले जे लोक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. लाइव्ह डेटाबेस म्हणजे ग्राहकांचं रोजचं खरं काम ज्यावर चालू असतं तो माहितीसाठा, आणि क्वेरी म्हणजे त्याला दिलेला लेखी आदेश. त्यातल्या एकीची हकिगत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

ती पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. संस्थेच्या सगळ्या शाखा, पिग्मी एजंटांच्या मोबाइलवरच्या पावत्या, मुख्य कार्यालयाचे अहवाल, सगळं सर्व्हरवरच्या एकाच डेटाबेसवर चालतं (पोस्टग्रेस हे त्या डेटाबेस सॉफ्टवेअरचं नाव). काही महिन्यांपूर्वी शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने एका खातेदाराची शाखा बदलायची क्वेरी लिहिली. चालवताना माउसने ओळी निवडल्या, त्यात 'वेअर'ची, म्हणजे बदल नेमक्या कुठल्या खात्याला करायचा हे सांगणारी, ओळ तेवढी सुटली. सगळ्या खात्यांची शाखा एकच झाली. सकाळी शाखा उघडल्या आणि फोन सुरू झाले. तो मुलगा पुढे फार टिकला नाही.

तेव्हापासून हिने लाइव्हची कामं टाळायला सुरुवात केली. टाळता आली नाहीत तर क्वेरी पुन्हा पुन्हा वाचायची, मग कुणाला तरी "एकदा बघ ना रे" म्हणायचं, त्याने बघितलं की दुसऱ्याला विचारायचं. काम झाल्यावरही रात्री घरी लॅपटॉप उघडून तेच टेबल तपासायचं. टीम लीडचं मत पडलं, 'हिचा कॉन्फिडन्स कमी आहे', आणि त्याने तिला माझ्याकडे पाठवलं.

मी तिला आत्मविश्वासाबद्दल काहीच विचारलं नाही. "नेमकं काय होईल असं वाटतं?" एवढं विचारलं आणि कागद पुढे केला. तिने लिहिलं ते असं: लाइव्हला जायला सगळ्यांना मिळून एकच लॉगिन आहे आणि त्याला सगळे अधिकार आहेत. टेस्ट सर्व्हरची (जिथे बदल आधी करून बघतात) आणि लाइव्हची खिडकी दिसायला अगदी सारखी आहे. बॅकअप रोज होतो म्हणतात, पण तो कुणी रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत उभा करून, पाहिलेला नाही.

मी म्हटलं, "अगं, ही भीती बरोबर आहे."

ती रडली. इतके दिवस तिला सगळे 'घाबरू नकोस' एवढंच सांगत होते.

मग मी तिला गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या कंपनीची, गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक इंजिनियर डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायला बसला, आणि तो आदेश मुख्य सर्व्हरवर दिला गेला. चूक लक्षात येताच त्याने थांबवलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरलं होतं. बॅकअप शोधायला गेले तर तो आवृत्तीच्या घोळामुळे तयारच होत नव्हता, आणि तसं सांगणाऱ्या ईमेल कुणापर्यंत पोहोचतच नव्हत्या. जवळपास सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. त्या सहा तासांतला डेटा मात्र गेला. कंपनीने हा सगळा हिशेब जगासमोर मांडला आणि दोष व्यवस्थेत शोधला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जिथे चूक करणाऱ्याला घालवून विषय मिटवतात, तिथे उरलेल्या सगळ्यांच्या हातात थरथर बसते, आणि थरथरणारे हात जास्त चुकतात.

तिच्या संमतीने टीम लीडला एका बैठकीला बोलावलं. तो ऐकणारा निघाला, हे तिचं नशीब. रोजच्या कामासाठी फक्त वाचायचे अधिकार असलेलं वेगळं लॉगिन प्रत्येकाला मिळालं. बदल करायचं लॉगिन निराळं, आणि त्याच्या खिडकीला लाल रंग. प्रत्येक बदल आधी फाइलमध्ये लिहायचा, दुसऱ्याने वाचायचा आणि ती फाइल जशीच्या तशी चालवायची, म्हणजे माउसने ओळी निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

भीतीचा दुसरा भाग तिचा आणि माझा होता. टाळल्याने भीती वाढते, म्हणून पायरीपायरीने जायचं ठरलं: आधी लाइव्हवर नुसतं वाचन, मग टेस्टवर बदल, मग सोबत कुणी असताना लाइव्हवर छोटा बदल, मग एकटीने.

तिसऱ्या पायरीवर जे झालं ते तिच्याच तोंडून ऐकण्यासारखं होतं. एका पिग्मी एजंटने काम सोडलं होतं आणि त्याची ४१ खाती दुसऱ्याच्या नावावर करायची होती. आधी तीच अट घालून 'सिलेक्ट'ने, म्हणजे नुसतं वाचायच्या आदेशाने, मोजून घेतलं: ४१. मग 'बिगिन' टाकून ट्रान्झॅक्शन (पक्कं करेपर्यंत मागे घेता येणारा व्यवहार) सुरू केलं, अपडेट म्हणजे बदलाचा आदेश चालवला. स्क्रीनवर आलं, 'अपडेट ४१'. आता 'कमिट' म्हटलं की पक्कं, 'रोलबॅक' म्हटलं की जसं होतं तसं. आकडा जुळला होता. तरी तिने कमिट केलं नाही. यादी पुन्हा काढली, एकेक खातं वाचत बसली, सोबतच्या मुलाला पुन्हा विचारलं. तेवढ्यात फोन आला: काही खात्यांची पावती होत नाहीये, मोबाइल नुसता फिरतोय. ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत त्या ४१ ओळींवर कुलूप असतं. त्या खात्यांवर ज्याला काही लिहायचं असेल त्याला थांबावं लागतं. एजंट भर बाजारात दुकानदारासमोर ताटकळत उभा होता.

"म्हणजे मी चूक केली नाही, पण तपासत बसल्यानेच लोक अडकले," ती म्हणाली.

आमचं खरं काम इथून सुरू झालं. तपासणी दोन तऱ्हेची असते. एकीला शेवट असतो: किती ओळी बदलायला हव्यात ते आधी लिहून ठेवलंय, तेवढ्याच बदलल्या तर कमिट, नाहीतर रोलबॅक. दुसरी मनाला बरं वाटावं म्हणून केलेली असते, आणि ती कितीही केली तरी पुरत नाही. पहिली सगळी 'बिगिन'च्या आधी उरकायची आणि दुसरीची हुक्की आली की ती ओळखायची, असं ठरलं. कमिटनंतर छातीत धडधडलं तर धडधडू द्यायचं. ते ओसरतं. ओसरतं हे तिला माझ्या सांगण्यावरून पटलं नसतं, दोनचारदा अनुभवल्यावर पटलं. रात्रीचा लॅपटॉप सुटायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला.

पुढे टेबलमध्ये नवा कॉलम वाढवायचं कामही तिने केलं. तिथला धोका वेगळा. एखादा लांबलचक अहवाल चालू असताना टेबलची रचना बदलायला गेलं तर तो बदल रांगेत थांबतो आणि त्याच्यामागे बाकीचे सगळे खोळंबतात, नुसतं वाचणारेसुद्धा. म्हणून तिने 'लॉक टाइमआउट' काही सेकंदांचा ठेवला: कुलूप तेवढ्यात मिळालं नाही तर बदल आपोआप माघार घेतो, मग नंतर पुन्हा प्रयत्न. पहिल्यांदा माघारच झाली. तिने मला तो निरोप पाठवला, आणि खाली लिहिलं होतं, "शाखा बंद झाल्यावर परत करते."

तुमची झोप उडाली असेल, सुट्टीच्या दिवशीही जुनी कामं उघडून तपासली जात असतील, तर समुपदेशकाला जरूर भेटा. आणि त्याच आठवड्यात लीडला विचारा, आपला बॅकअप शेवटचा रिस्टोअर करून कधी पाहिला होता.