जेरुसलेमला पहिल्यांदा जाताय?

पहिल्याच खेपेला सगळं पाहायचा हट्ट सोडा, आधी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, समजून घ्या. तो शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडा आधी लागतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर सुटतो. तेवढ्या वेळात बहुतेक बस, ट्राम आणि दुकानं बंद. नवखी मंडळी नेमकी शुक्रवारी संध्याकाळी पोहोचतात आणि अडकतात. तुम्ही त्याच दिवशी सकाळी माहाने येहुदा बाजारात जा. खल्ला (शब्बाथचा खास पाव), फळं, सणासारखी लगबग! शहराचं रोजचं जगणं तिथं दिसतं, शनिवारच्या जेवणाचीही सोय होते.

आणखी दोन गोष्टी:

- ज्यूंचं प्रार्थनास्थळ असलेली पश्चिम भिंत ही त्यांच्या प्राचीन 'दुसऱ्या मंदिरा'ची भिंत नव्हे, हेरोद राजाने वाढवलेल्या चौथऱ्याची आधारभिंत आहे. मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. पुरुषांनी डोकं झाकायचं. शब्बाथला तिथं फोटो काढायचे नाहीत.
- कोशर (ज्यू आहारनियम पाळणाऱ्या) हॉटेलात मटणाच्या जेवणावर दुधाचा चहा मागू नका. मांस आणि दूध एकत्र चालत नाही.

इतिहासाचं वाचन १९४८ पासून, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेपासून, सुरू करू नका, दुसऱ्या मंदिराच्या काळापासून करा. ज्यू पंथांचे बारकावे नंतर. आणि सवड असेल तर दक्षिणेला दिमोनाला जरूर जा, तिथल्या बेने इस्रायली (महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या ज्यू) ज्येष्ठांशी मराठीत गप्पा मारता येतील.