मोहिमा की आईवडील? मुलांच्या खाण्याच्या सवयी नेमक्या कशाने बदलतात

प्रश्न थोडक्यात असा: जाहिराती, पोस्टर, शाळेतले पोषण सप्ताह एवढं सगळं होऊनही मुलं भाजीला हात लावत नाहीत. मग मोहिमा कुचकामी आणि सगळी जबाबदारी आईवडिलांची, असं म्हणायचं का?

माझं मत: नुसतं समजावून सांगण्यात दोघेही सारखेच नापास होतात. मोहिमेचा उपयोग होतो तो मुलापुढे येणारी वस्तूच बदलली तर. आईवडिलांचा प्रभाव पडतो तो घरातली खरेदी, जेवणाच्या वेळा आणि स्वतःचं ताट यांतून.

पहिली-दुसरीतलं मूलसुद्धा गाजर चांगलं आणि चिप्स वाईट हे घडाघडा सांगतं आणि पुढच्याच मिनिटाला चिप्स मागतं. यात लबाडी काही नाही. गोडाची ओढ आणि कडूची नावड जन्मजात असते. त्यात साधारण २ ते ६ या वयात अनोळखी पदार्थाची धास्ती सर्वांत जास्त. ती माहितीने जात नाही, चवीची ओळख झाल्यावर जाते. 'खा, ताकद येईल' या वाक्याने तर काम बिघडू शकतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलांवरचे काही प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत खाऊ ताकद देणारा आहे असं सांगितल्यावर मुलांनी तो कमी खाल्ला. मुलाचा हिशेब सरळ असतो: एवढे गुण गातायत म्हणजे चव यथातथाच असणार.

घोषणांची दुसरी अडचण म्हणजे त्या मोठ्यांच्या मापाने बेतलेल्या असतात. 'दिवसातून पाच वेळा फळं-भाज्या' ही मोहीम १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, १९९१ पासून अमेरिकाभर गेली आणि पुढे बऱ्याच देशांनी उचलली. तिचा रूढ हिशेब ८० ग्रॅमचे पाच वाटे, म्हणजे ४०० ग्रॅम. लहान मुलांना हा आकडा लागू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीत २ ते ५ वर्षांना किमान २५० ग्रॅम, ६ ते ९ ला ३५० आणि १० वर्षांपुढे ४०० ग्रॅम असे वेगळे आकडे आहेत. घरी वजनकाटा काढायची गरज नाही, मुलाच्या स्वतःच्या तळहातात मावेल तेवढा एक वाटा धरा. तीन वर्षांच्या मुलापुढे मोठ्यांच्या मापाचा ढीग ठेवला की ते तो बघूनच तोंड फिरवतं, आणि आपण म्हणतो, 'हिला भाजी आवडतच नाही.'

आता ज्या सार्वजनिक उपायांनी फरक पडला ते पाहा. ब्रिटनने २०१८ पासून गोड पेयांच्या उत्पादकांवर कर बसवला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ला कमी दर, ८ च्या वर जास्त. घोषणा २०१६ मध्येच झाली होती, त्यामुळे अनेक कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच साखर ५ ग्रॅमच्या खाली आणली. मुलांनी तेच पेय प्यायलं, फक्त पोटात साखर कमी गेली. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, त्यांवरची मुलांना भुलवणारी कार्टून काढायला लावली आणि असे पदार्थ शाळेत विकायला बंदी केली. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेनच्या प्राथमिक शाळांत पिण्याच्या पाण्याची यंत्रं बसवली, मुलांना बाटल्या दिल्या आणि पाण्यावर चार तास शिकवलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मुलं दिवसाला साधारण एक पेला जास्त पाणी पिऊ लागली आणि वजन जास्त होण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी भरला. शिकवणी इथेही होती, पण हाताशी पाणी होतं.

याच्या उलट, २०११ च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात लठ्ठ मुलांचे उदास फोटो मोठमोठ्या फलकांवर लावले गेले. त्यावर सडकून टीका झाली आणि ती रास्तच होती. वजनावरून लाजवलेलं मूल भाजी खायला लागत नाही, लपून खायला लागतं. घरात वजनावरून मारलेल्या टोमण्यांनाही हेच लागू आहे.

मोहीम आणि घर यांच्यामध्ये शाळेत खाणं देणाऱ्या योजना येतात आणि त्यांचं महत्त्व मला जास्त वाटतं. इंग्लंडमध्ये ४ ते ६ वर्षांच्या मुलांना सरकारी शाळांत रोज एक फळ किंवा भाजी फुकट मिळते. तिथे आढळलं की योजनेत असताना मुलांचं फळं खाणं वाढतं आणि योजनेचं वय संपलं की ते पुन्हा खाली येतं. टीकाकार याला अपयश म्हणतात. मला त्यातला दुसरा अर्थ दिसतो. नवीन पदार्थ आवडायला तो वारंवार चाखावा लागतो आणि तोवर बरंच अन्न वाया जातं. हाती मोजका पैसा असलेलं घर दहा वेळा नाकारली जाणारी भाजी विकत घेणार नाही, पोटात जाईल तेच घेईल. हा नासाडीचा खर्च शाळा उचलू शकते. आईवडिलांना पाककृतींचं पत्रक वाटून तो भरून निघत नाही.

घरी काय करायचं, ते आता सविस्तर.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी अजूनही सर्वांत वापरण्याजोगी आहे. काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. बहुतेक घरांत नेमकं उलट चालतं. 'काय खाणार?' मुलाला विचारतात आणि 'एवढं संपवलंच पाहिजे' आपण ठरवतो.

'केव्हा'पासून सुरुवात करा, कारण ते सर्वांत स्वस्त आणि लवकर परिणाम दाखवणारं आहे. दिवसात तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, दर दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या अंतरात फक्त पाणी. 'काहीच जेवत नाही' अशी तक्रार असलेल्या मुलांचा दिवस लिहून काढला की बहुतेक वेळा दूध सापडतं. फुल फॅट दुधात १०० मिलिलिटरला साधारण ६० ते ६५ उष्मांक असतात. ७५० मिलिलिटर दूध पिणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाने निम्म्याच्या आसपास गरज तिथेच भागवलेली असते, मग भूक कुठून लागणार? शिवाय दुधात लोह नगण्य, त्यामुळे रक्तक्षयाचा धोका वेगळाच. १ ते ५ वयात दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरवर थांबा. दूध जेवणाबरोबर किंवा नंतर द्या, अर्धा तास आधी नको.

फळांचा रसही असाच. साखर न घातलेल्या रसातही १०० मिलिलिटरला ९-१० ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना ती 'मुक्त साखर' म्हणूनच मोजते, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारखीच. पाच वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज अंदाजे १४०० उष्मांक धरली, तर मुक्त साखरेसाठीची एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांची मर्यादा ३५ ग्रॅमवर येते. ३३० मिलिलिटरच्या नेहमीच्या गोड कोला पेयात तेवढी साखर असतेच. वर्षाच्या आतल्या बाळाला रस मुळीच नको. १ ते ३ वयात दिवसाला १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. अख्खं फळ केव्हाही बरं.

नवीन भाजीची ओळख अशी करून द्या. एक भाजी निवडा. मोठ्यांसाठी शिजलेलीच असावी, म्हणजे नासाडी होत नाही. वाटाण्याएवढा तुकडा, रोज किंवा एकाआड एक दिवस, त्याच रूपात: आज उकडलेली, उद्या तळलेली केली की मुलाच्या लेखी तो दर वेळी नवाच पदार्थ असतो. ताटात दुसरा एक तरी ओळखीचा, हमखास खाल्ला जाणारा पदार्थ हवा. तुकडा चाटून ठेवला तरी चालेल, थुंकला तरी चालेल. साधारण ८ ते १५ वेळा चाखल्यावर नावड सैल होते; काहींना आणखी वेळ लागतो. घोडं अडतं ते इथेच, कारण तीन-चार नकारांनंतर घरचे ती भाजी करायचीच सोडतात. चाखल्याबद्दल स्टिकर किंवा शाबासकी चालते, गोड खाऊ नाही. 'भाजी संपव, मग चॉकलेट' म्हणताना भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच मूल शिकतं.

आग्रहाचं सांगायचं तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना सूप दिलं. ज्यांना 'सूप संपव' म्हणून टोकत होते, त्यांनी ते कमी घेतलं आणि नावंही जास्त ठेवली. विमान-गाडीचा घास आणि मोबाइल दाखवून भरवणं हीसुद्धा जबरदस्तीच, फक्त गोड बोलून केलेली. त्या दिवसापुरतं पोट भरतं, पण पोट भरल्याची जाणीव ओळखायची सवय मोडते.

भाजी वाटून पिठात किंवा सॉसमध्ये लपवायची युक्ती फार लोकप्रिय आहे. पोषणापुरती ठीक, पण मुलाला त्या भाजीची ओळख होत नाही, आणि एकदा चोरी पकडली गेली की ते सॉसवरही संशय घेतं. लपवा हवी तर, पण तीच भाजी दिसेल अशीही ताटात ठेवा.

बंदीचं गणित मात्र नाजूक आहे. डोळ्यांसमोर चिप्स-चॉकलेटचा डबा आणि हात लावायला मनाई, याने ओढ वाढते. असं प्रयोगांतही दिसलं आहे. म्हणून भांडण घरात नको, दुकानातच मिटवा: घरी आणूच नका. आणलंच तर जेवणाबरोबर सगळ्यांना थोडं थोडं वाढून मोकळं व्हा. आणि वडील स्वतः भाजी बाजूला सारत असतील, तर आईने लाख सांगावं, मूल वडिलांचं ताट बघणार.

लहान मुलांसाठी खाण्याचे तुकडे करताना: द्राक्षं उभी चिरून चार भाग, गाजर वाफवून मऊ, आणि चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे-सुकामेवा नको, घशात अडकतात.

दहा-अकरा वर्षांनंतर घराची पकड सैल होते. हातात पैसे आणि सोबत मित्र असतात. तिथे शाळेचं उपाहारगृह काय विकतं हे तुमच्या भाषणापेक्षा जास्त ठरवतं. पालकसभेत पोस्टर स्पर्धा मागू नका. पिण्याचं स्वच्छ, गार पाणी, उपाहारगृहात गोड पेयांना बंदी, आणि जेवायला निदान वीस-पंचवीस मिनिटं सुट्टी मागा. घाईत मुलं आधी आवडीचं संपवतात आणि घंटा वाजते तेव्हा डब्यात फळ तसंच असतं.

शेवटचं, हे सगळं कधी पुरत नाही तेही ओळखा. एकूण खाल्ले जाणारे पदार्थ वीसच्या खाली आले आहेत आणि आणखी गळत चाललेत, घास तोंडात जाताच उमासे येतात, वाढीच्या तक्त्यावर रेघ खाली घसरते आहे, ठरावीक पोताचं काहीच चालत नाही. असं असेल तर हा हट्ट नव्हे, बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना तीन दिवसांची नोंद न्या, त्यातला एक सुट्टीचा: किती वाजता, काय, किती, आणि दूध, रस, बिस्किटांसकट. 'काहीच खात नाही' या वाक्यावरून डॉक्टरांना फार काही कळत नाही, या कागदावरून कळतं.