प्रश्न तुमचे: सर्टिफिकेट संपलं, सहीही गेली?

प्रश्न: सूत व्यापाऱ्यांसाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. इन्स्टॉलरवर डिजिटल सही असते. गेल्या महिन्यात ती सही माझीच हे सांगणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपली, मी लगेच नवं घेतलं. तरी जुन्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना विंडोज ‘अनोळखी प्रकाशक’ म्हणतं. एका मित्राने ग्राहकाच्या संगणकाची तारीख मागे न्यायला सांगितलं. करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: तारीख मागे नेऊ नका. बिलं मागच्या वर्षीची निघतील आणि व्यापारी तुम्हालाच धरतील.

आधी त्या पेनड्राइव्हवरच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ उघडा. सही करणाऱ्याच्या नावाच्या ओळीत टाइमस्टॅम्पचा रकाना असतो. तिथे ‘नॉट अवेलेबल’ दिसेल, असा माझा अंदाज आहे.

तहसील कचेरीत अर्ज देताना आपण त्यावर तारीख घालतो, पण तिला कोण विचारतो? आवक खिडकीवरचा शिक्का बसला की ती तारीख खरी. टाइमस्टॅम्प म्हणजे तोच आवक शिक्का. तुम्ही फाइलवर सही करता, मग त्या सहीचा हॅश, म्हणजे तिच्यावरून गणिताने काढलेला छोटा ठसा, टाइमस्टॅम्प सर्व्हरकडे जातो. तो त्यात स्वतःची वेळ घालून स्वतःची सही ठोकतो. फाइल त्याच्याकडे जातच नाही. आवकवाला तरी अर्ज कुठे वाचतो! (सर्व्हरचा पत्ता सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ऐवजी नुसता ‘एचटीटीपी’ दिसला म्हणून दचकू नका, उत्तरावरच त्याची सही असते, वाटेत बदललं तर कळतं.) हा रिवाज २००१ च्या आरएफसी ३१६१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात लिहून ठेवलाय.

शिक्का असला की विंडोज ‘सर्टिफिकेट आज चालू आहे का’ असं न विचारता ‘सही केली तेव्हा चालू होतं का’ असं विचारतं. सही करायची गुप्त किल्ली चोरीला गेली तरी याचा उपयोग होतो. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या घातक व्हायरसच्या ड्रायव्हर फाइलींवर तैवानच्या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांच्या सह्या होत्या. अशा वेळी सर्टिफिकेट एका तारखेपासून रद्द करता येतं. त्याआधीचा शिक्का असलेला माल तगतो.

जुन्या फाइलवर आता शिक्का मारून भागणार नाही. तो आजची वेळ सांगेल, आणि आज ते सर्टिफिकेट मेलेलं आहे. नव्या सर्टिफिकेटने पुन्हा सही करा, त्याच वेळी शिक्का घ्या. आतल्या ईएक्सई आणि डीएलएल फाइलींवर आधी, इन्स्टॉलरवर शेवटी. साइनटूल या मायक्रोसॉफ्टच्या सही करायच्या साधनात ‘टीआर’ पर्यायाने सर्व्हरचा पत्ता द्या, ‘टीडी’ला एसएचए२५६ ही हॅशची पद्धत. नुसता ‘टी’ हा जुना प्रकार आहे, तो सोडा.

आता माझी फजिती. पुण्यात एका कंपनीत मी बिल्ड, म्हणजे कोडपासून ग्राहकाला द्यायच्या फाइली बनवायचं काम, सांभाळायचो. साइनटूल काम झालं तर ० परत देतं, फसलं तर १, आणि इशाऱ्यासह झालं तर २. मी स्क्रिप्टमध्ये फक्त १ आला तर थांबायला सांगितलं होतं. एका रात्री टाइमस्टॅम्प सर्व्हरने उत्तर दिलं नाही. सह्या झाल्या, शिक्के नाहीत, कोड २, बिल्ड हिरवं, म्हणजे पास. अकरापैकी तीन फाइली अशा बाहेर गेल्या. पुढे सर्टिफिकेट संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सोमवारी सकाळी सपोर्टचे फोन सुरू झाले. लॉगमध्ये इशाऱ्याची ओळ ठसठशीत होती. वाचली कोणी?

तेव्हापासून माझा नियम: शिक्का नाही तर बिल्ड लाल. सर्व्हर गप्प असेल तर थोडं थांबून पुन्हा विचारायचं, तरी नाही तर दुसऱ्या सर्व्हरकडे जायचं. शेवटी साइनटूलच्या ‘व्हेरिफाय’ने प्रत्येक फाइल तपासायची आणि शिक्क्याची वेळ दिसली तरच पुढे पाठवायची. ‘एवढंसं तर आहे, जाऊ दे’ हा आवाज रात्री अकराला फार गोड वाटतो.

आणि हे लांबणीवर टाकू नका. पूर्वी कोड साइनिंगचं सर्टिफिकेट ३९ महिन्यांपर्यंत मिळायचं. १ मार्च २०२६ पासून दिलेलं जास्तीत जास्त ४६० दिवसांचं. म्हणजे शिक्का विसरलात, तर हा पेनड्राइव्हचा फेरा सव्वा वर्षात परत येईल. जुने पेनड्राइव्ह मात्र परत मागवा. ते दुरुस्त होणारे नाहीत.